मदत हवी आहे: पीएस४ च्या (प्लेस्टेशन ४, टीव्हीवर गेम खेळायचं मशीन) डिस्क स्वस्तात कुठं मिळतील? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

राजहंसगड:
नमस्कार. मी येळ्ळूरची, उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. धाकट्या भावाची यंदा एसएसएलसी झाली आणि पोरानं मार्क चांगले पाडले. पुण्याच्या मावसभावानं पीएस५ घेतला, तेव्हा आपला जुना पीएस४ स्लिम त्यानं भावासाठी पाठवून दिला. मशीन उत्तम चालतंय. खरं सोबत डिस्क एकच आली, फिफाची, आणि ती खेळून खेळून कॉमेंट्री आता आईलासुद्धा पाठ झाली आहे.

त्याला स्पायडर-मॅन पाहिजे, अनचार्टेड पाहिजे, क्रिकेट २४ पाहिजे. मला महिन्याला हजार रुपये बाजूला काढता येतात, त्याच्यावर नाही. बाबांकडं मागायचे नाहीत. दहावीच्या वर्षात त्यानं स्वतःचा मोबाइलसुद्धा मागितला नाही, म्हणून हे मला मनापासून करायचं आहे.

गणपत गल्ली, खडेबाजार, किर्लोस्कर रोड फिरून झालं. मोबाइलची दुकानं पावलापावलावर, डिस्क मात्र एखाद्याच ठिकाणी, त्याही छापील किमतीला. कॅम्पात एका दुकानदारानं जुनी डिस्क दाखवली. मागं ओरखडे होते. "पॉलिश करून देतो, नव्यासारखी चालेल" म्हणाला. घ्यावी काय?

डिजिटल सेल, म्हणजे डिस्कशिवाय नेटवरून उतरवायचे गेम, स्वस्त पडतात असं सगळे सांगतात, खरं आमच्या घरी वायफाय नाही. मोबाइलच्या डेटावर पन्नास-साठ जीबीचा गेम उतरवायचा म्हणजे आठवडा गेला. आणि इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं, तिथं कुठलाही मोठा गेम चारशे-पाचशेला, "प्रायमरी अकाउंट" म्हणून. इतकं स्वस्त कसं काय देतात?

भाऊ सोळाचा आहे, तेव्हा कुठला गेम त्याच्या हातात द्यावा हेही सांगा. कोल्हापूरला महिन्यातून एकदा जाणं होतं, हुबळीलाही जाता येईल.

वडगावकर:
ताई, पहिलं म्हणजे तुम्हाला मिळालेल्या मशीनला डिस्क लागते हे तुमचं नशीब समजा. डिस्कचा खरा खर्च काढायचा तर घेताना दिलेल्या पैशातून विकताना आलेले पैसे वजा करायचे. समजा जुनी डिस्क १,२०० ला घेतली आणि गोष्ट संपल्यावर १,००० ला दिली, तर दोनशेत गेम खेळून झाला. डिजिटल गेम सेलमध्ये ८०० ला मिळाला तर ते ८०० गेले, कारण तो पुढं कुणाला विकता येत नाही. पहिल्या महिन्यात थोडे जास्त अडकतील, नंतर त्याच पैशावर डिस्क फिरत राहते. आम्ही चौघं मित्र असंच करतो. एकानं घ्यायची, सगळ्यांनी खेळायची, मग विकायची.

आता कुठली डिस्क भाव धरते ते बघा. प्लेस्टेशनवाल्या सोनी कंपनीच्या गोष्टीवाल्या गेमना गिऱ्हाईक कायम असतं, त्या घेतल्या भावाच्या आसपास परत जातात. खेळांच्या डिस्कचं उलटं. फुटबॉलचा नवा गेम दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटाला येतो आणि आदल्या वर्षाची डिस्क एकदम खाली येते. म्हणून फुटबॉल घ्यायचा तर ऑक्टोबरात, आदल्या वर्षाचा, आणि विकून पैसे येतील ही आशा सोडून. फिफा २३ हा त्या नावाचा शेवटचा, २०२३ पासून तो ईए स्पोर्ट्स एफसी झाला. जुने फिफा डिजिटल दुकानातून काढून टाकले आहेत, म्हणजे तुमच्याकडची डिस्क जपून ठेवा. क्रिकेट २४ सुद्धा जुनीच बघा.

अनचार्टेडसाठी "नेथन ड्रेक कलेक्शन" शोधा. २०१५ ची डिस्क आहे, पहिले तिन्ही भाग एकाच डिस्कवर. एका डिस्कच्या पैशात तुमच्या भावाची दिवाळीपर्यंतची सोय झाली. चौथा भाग वेगळा मिळतो, लाल कव्हरच्या "प्लेस्टेशन हिट्स" मध्ये. हे लाल कव्हर दिसलं की समजायचं, कंपनीनंच किंमत उतरवलेली आहे.

नवीन सीलबंद डिस्क घ्यायचीच झाली तर दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबा. ॲमेझॉनवरच्या किमतीचा जुना आलेख कीपा नावाच्या साइटवर दिसतो. "साठ टक्के सूट" लिहिलेलं असतं, खरं आलेख बघितल्यावर कळतं की मागच्या महिन्यातही तीच किंमत होती.

रंकाळा:
ताई, ती ओरखड्याची डिस्क घेऊ नका. जुन्या सीडी-डीव्हीडीला पॉलिश चालायचं, कारण माहितीचा थर आत खोल असायचा. पीएस४ ची डिस्क ब्ल्यू-रे असते, तिच्यात तो थर वरच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. घासलं तर कामाचाच भाग जातो. वरून कठीण लेप असल्यामुळं बारीक रेघांनी काही होत नाही, खरं नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सरळ परत द्यायची. मधल्या भोकाभोवती तडा आहे काय तेही उजेडात धरून बघा.

खात्री करायची एकच पद्धत मला पटते. डिस्क मशीनमध्ये घालून गेम पूर्ण कॉपी होऊ द्यायचा. पीएस४ डिस्कवरचा गेम हार्ड डिस्कवर उतरवून घेतो, तेव्हा खराब जागा असली की तिथंच अडकतो. नुसती सुरुवात झाली म्हणजे डिस्क चांगली असं नाही. म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, "घरी पूर्ण उतरवून बघते, अडकली तर दोन दिवसांत परत." जो हो म्हणेल त्याच्याकडूनच घ्या.

पेटीसुद्धा बघून घ्या. वर पांढरी पट्टी असेल तर तो पीएस५ चा गेम, तुमच्या मशीनवर चालणार नाही. काही गेमना दोन डिस्क असतात, रेड डेड रिडेम्प्शन २ ला एक डेटाची आणि एक खेळायची. जुनी घेताना दोन्ही आहेत काय बघा. आणि काही डिस्क नावापुरत्याच असतात. २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम सत्तर एमबी होते, बाकी सगळं नेटवरून. तुमच्याकडं वायफाय नाही, तेव्हा डिस्क घेताना हे आधी विचारत जा.

कोल्हापुरात जुन्या डिस्कची देवघेव बहुतेक फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होते. तुम्ही येणार असाल तेव्हा स्टँडवरच भेटून घ्यायची. येणं नसेल तर बस पार्सलनं येते, खरं सीमेवर वातावरण तापलं की बसच बंद होतात, तेव्हा पैसे आधी पाठवून ठेवू नका.

राजहंसगड:
दादा, नखाचा आणि पूर्ण उतरवून बघायचा उपाय फार उपयोगी. त्या दुकानदाराला नाही म्हणून सांगते. वडगावकर, चौघांत एक डिस्क ही कल्पना भावाला सांगितली, त्यानं लगेच वर्गातल्या दोघांची नावं काढली. इन्स्टाग्रामच्या पेजचं कुणी सांगेल काय?

नवलूर पेढा:
मी धारवाडात शिकायला आहे, आमच्या रूमवरच्या एकानं असं अकाउंट घेतलं होतं. ते लोक एका अकाउंटवर गेम विकत घेतात आणि त्याच अकाउंटचा पासवर्ड पाच-सहा जणांना विकतात, म्हणून चारशे. अकाउंट त्यांचंच राहतं. त्यांनी पासवर्ड बदलला किंवा तुमचं मशीन प्रायमरीतून काढलं की गेमला कुलूप. आमच्या मित्राला महिनाभरात कुलूप लागलं आणि पेजवाल्यानं त्याला ब्लॉक केलं. सोनीच्या नियमातही अकाउंट असं विकायला परवानगी नाही, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार? ताई, कष्टाचे पैसे आहेत, तिकडं अजिबात घालू नका.

पीएस प्लसची (सोनीच्या ऑनलाइन सेवेची) वर्गणीही आत्ता नको. जानेवारी २०२६ पासून त्यात दर महिन्याला येणाऱ्या गेममध्ये पीएस४ वर भर राहिलेला नाही. बहुतेक गेम ऑनलाइन दुसऱ्याविरुद्ध खेळायला ती लागते, खरं घरात बसून दोघांनी खेळायला लागत नाही.

मलप्रभा:
मी खानापूरची, माझा मुलगाही त्याच वयाचा. पेटीवर वयाचा आकडा असतो. पेगीचा (ही युरोपातली गेमला वय ठरवून देणारी पद्धत) लाल १८ असेल तर आमच्या घरी येत नाही, रेड डेड आणि जीटीए दोन्ही त्यात आले. स्पायडर-मॅन आणि अनचार्टेड १६ चे आहेत, ते चालतील. तुमच्याकडच्या फिफाला तर ३ च आहे.

तुमच्या आईला नवी कॉमेंट्री ऐकवायची असेल तर ईफुटबॉल नावाचा गेम फुकट आहे, पीएस प्लससुद्धा लागत नाही. उतरवायला डेटा जाईल तेवढाच. एखाद्या रविवारी मशीन पिशवीत घालून शहरात वायफाय असलेल्या नातेवाइकांकडं घेऊन जा, आम्ही माझ्या भावाच्या घरी अनगोळला तसंच करतो.

आणि एक सुचवते. दुसरा कंट्रोलर मिळाला तर "इट टेक्स टू" घ्या. २०२१ चा आहे, दोघांनी मिळूनच खेळायचा, एकट्याला खेळताच येत नाही. पेटीवर १२ चा आकडा. मी आणि मुलानं पूर्ण केला. इतकं बोलणं आमचं वर्षभरात झालं नव्हतं.

निपाणीकर:
नेथन ड्रेक कलेक्शन माझ्याकडं आहे, खेळून झालं. ९०० ला देतो. शनिवारी कामासाठी बेळगावला येतोय, मध्यवर्ती बसस्थानकावर देतो. घरी पूर्ण उतरवून बघा, अडकली तर पैसे परत. संपल्यावर चांगल्या स्थितीत असेल तर मीच ७५० ला परत घेईन, माझ्या पुतण्याला पाहिजे आहे.

राजहंसगड:
निपाणीकर, शनिवारी माझी अर्धी पाळी असते, दुपारी दोननंतर येऊ शकते. ९०० ठरले. तुम्हाला मेसेज टाकलाय. मलप्रभाताई, कंट्रोलरचं तुम्ही मनात घातलंत. जुना कंट्रोलर घेताना काय बघायचं? डावी काठी (अंगठ्यानं फिरवायची) आपोआप सरकते अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी वाचली, ती दुकानात उभ्या उभ्या कशी तपासायची?

रंकाळा:
मशीनला जोडून कुठलाही गेम चालू करा आणि काठीवरचा अंगठा पूर्ण काढून घ्या. माणूस आपोआप चालायला लागला किंवा कॅमेरा हळूहळू फिरत राहिला तर घेऊ नका. दुकानात मशीन नसेल तर मोबाइलला ब्लूटूथनं जोडून बघता येतो. शेअर आणि मधलं पीएस बटण एकत्र दाबून धरा, दिवा लुकलुकायला लागला की मोबाइलमध्ये नाव दिसतं. चार्जिंगची पिन हलवूनही बघा, ती सैल असेल तर काही महिन्यांत चार्ज व्हायचा बंद होतो.