प्रतिसाद: बुरशी एकच, पण भिंत वेगळी

वर विचारलंय की बुरशी एकच असेल तर रूप बदललं म्हणून पेशीभित्तिका (पेशीभोवतीची भिंत) कशाला बदलेल? अहो, बदलते, आणि चांगलीच बदलते! लॅटिन अमेरिकेतली पॅराकॉक्सिडिऑइडिस ही माणसांना आजार करणारी बुरशी घ्या. मातीत ती धाग्यांसारखी वाढते आणि श्वासातून फुप्फुसात गेली की 37 अंशांना यीस्ट (म्हणजे धाग्यांऐवजी सुट्या गोल पेशी) होते, मायक्रोस्कोपखाली मधे एक मोठी गोल पेशी आणि तिच्याभोवती कळ्याच कळ्या, अगदी जहाजाच्या सुकाणूचं चाक. व्हेनेझुएलात कानेत्सुना वगैरे मंडळींनी 1969 मध्ये दोन्ही रूपांच्या भित्तिका तपासल्या, तर धाग्यांमध्ये मुख्यतः बीटा ग्लुकान (ग्लुकोजच्या साखळ्यांचा पदार्थ) आणि यीस्टमध्ये अल्फा ग्लुकान (साखळ्या ग्लुकोजच्याच, पण जोडणी वेगळी), कायटिन हा भित्तिकेतला दुसरा पदार्थही यीस्टमध्येच जास्त. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं, लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवलेल्या स्ट्रेनमधलं (म्हणजे या बुरशीच्या वाणातलं) अल्फा ग्लुकान कमी झालं तशी रोग करायची ताकदही घटली, आणि प्राण्यांमधून पुन्हा नेल्यावर दोन्ही परत वाढलं! म्हणजे भिंत बदलणं हे नुसतं गरम-थंडीचं प्रकरण नाहीये. आणि हो, इस्ट्राडिओल हे स्त्री-संप्रेरक धाग्याचं यीस्ट होणं अडवतं, म्हणून प्रौढ बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा खूपच कमी होतो.