रात्री उशिरा कॅम्पवर पोचलात? तुमचेही किस्से येऊ द्या

काल रात्री खाली कुणीतरी गाडी लॉक केली, ते टूं-टूं ऐकलं आणि एकदम आमचा पहिला कॅम्प आठवला. पोचायला साडेअकरा, सगळीकडे सामसूम. नवरा म्हणाला हेडलाईट चालू राहू दे, दोन मिनिटांत लावतो तंबू. दोन मिनिटं कसली, पाऊण तास! तंबू कोरा करकरीत, घरी एकदाही उघडलेला नाही, कुठली काठी कुठे जाते पत्ता नाही, आणि तेवढा वेळ आमचे दिवे थेट समोरच्यांच्या तंबूवर. मधेच त्या तंबूची चेन जराशी उघडली, एक हात बाहेर आला, उजेडाला आडवा धरला आणि चेन परत बंद. सकाळी त्या बाई नळावर दात घासताना भेटल्या. म्हणाल्या, "लागला का शेवटी?" अजून आठवलं की कान गरम होतात.

~

टूं-टूं ला +१. उशीर झाला तर आम्ही रिमोट वापरतच नाही, चावीने लॉक. आणि दार आपटायचं नाही, टेकवून कमरेने ढकलायचं. रात्रीपुरतं लागणारं सगळं एका पिशवीत वरच ठेवा, नाहीतर डिकी दहादा उघडते.

~

ते गादीत हवा भरायचे मोटरवाले पंप कुणी शोधले हो? रात्री एकला घुर्रर्रर्र. आणि मग थांबतं, वाटतं झालं, आणि मग दुसरी गादी.

~

दुसरी गादी 😂😂 आमच्याकडे तीन होत्या, सॉरी

~

आम्ही आता दहा वाजून गेले की सरळ गाडीतच झोपतो, तंबू सकाळी. काच बोटभर खाली ठेवा. आणि थंडी वाजते म्हणून इंजिन चालू ठेवून झोपू नका प्लीज, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतही नाही.

~

हेडटॉर्चवर लाल दिवा असतो तो लावा. अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात, पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की परत पहिल्यापासून. फक्त बरोबरच्यांना आधी सांगून ठेवा, माझा भाऊ लाल तोंड करून समोर आला तेव्हा मी जी किंचाळले, शांतता वगैरे सगळं तिथेच संपलं.

~

टॉयलेटला जाताना शॉर्टकट म्हणून दुसऱ्यांच्या जागेतून गेलो, दोरीत पाय अडकला, मी आडवा, तंबू एका बाजूने बसला. आतून "कोण आहे?" मी म्हटलं "मी". दुसरं काही सुचेचना. सकाळी जाऊन खुंट्या ठोकून दिल्या.

~

"मी" 🤣

~

मला वाटतं आत पडून शिव्या घालण्यापेक्षा उठून टॉर्च धरावा. मी एकदा गेले, दहा मिनिटांत त्यांचा तंबू उभा, सगळेच झोपलो.

~

ताई, दर वेळी कोण उठणार? बऱ्याच ठिकाणी रात्री १० ते सकाळी ६ शांतता असा चक्क बोर्ड असतो. उशीर होणार असेल तर आधी फोन करावा, काही ठिकाणी तर गेटच बंद होतं.

~

कुजबुजलं म्हणजे ऐकू येत नाही असं समजू नका. रात्री जमिनीलगत गार हवा बसते, आवाज वर जायच्या ऐवजी खाली वळतो आणि लांबपर्यंत ऐकू येतो. आम्ही एका जोडप्याचं अख्खं भांडण ऐकलंय, खुंट्या ठोकता ठोकता. "तुझ्या आईने त्या दिवशी" इथपर्यंत आलं आणि नेमकं ते आत गेले. काय केलं त्या आईने? सात वर्षं झाली.

~

अरे सात वर्षं!! विचारायचं ना सकाळी

~

धागाकर्त्या ताई, तंबू कितीचा होता? चार जणांचा म्हणून घेतला त्यात आम्ही तिघंच मावतो.

~

चार जणांचा म्हणजे सामान गाडीत आणि कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम.