क्षयजंतूत २२ टक्के म्युटेशन: खरं की सरमिसळ? मदत हवी आहे

क्षयजंतूच्या एका आयसोलेटमध्ये (रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या जंतूंत) आरपीओबी जनुकाच्या ४५०व्या कोडॉनवर (तीन अक्षरी संकेतावर) टीसीजीच्या जागी टीटीजी, म्हणजे रिफॅम्पिसिन-रोधाचं म्युटेशन, दिसतंय, पण फक्त २२ टक्के रीड्समध्ये (वाचलेल्या डीएनए तुकड्यांत). एमजीआयटीत (द्रव माध्यमातल्या औषध-चाचणीत) मात्र रिफॅम्पिसिन ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला तो संवेदनशील आला. रोधक (औषधाला दाद न देणारे) जंतू एक टक्का असले तरी तिथे वाढायला हवेत, म्हणून हे पटत नाही: खरंच मिश्र जंतू, की दुसऱ्या नमुन्याच्या डीएनएची सरमिसळ?

सिक्वेन्सिंग इल्युमिनावर, २ × १५० बेस, सरासरी डेप्थ (एक जागा किती वेळा वाचली) ९०, मॅपिंग एच३७आरव्ही या संदर्भ जीनोमवर, नीट मॅप न होणारी पीई-पीपीई जनुकं वगळून. बदल डीएनएच्या दोन्ही स्ट्रँडवर (धाग्यांवर) सारखा. क्रॅकेन२मध्ये (रीड्स कुठल्या जंतूचे ते सांगणारं सॉफ्टवेअर) परके जंतू नगण्य. इंडेक्स (नमुना ओळखायचे डीएनए टॅग) दुहेरी आणि प्रत्येक नमुन्याला वेगळे.

त्याच रनमध्ये हेच म्युटेशन पूर्ण असलेला आयसोलेट आहे, ९ एसएनपी अंतरावर (नऊ जागी एकेका अक्षराचा फरक). त्याची सरमिसळ असती तर नऊही जागा मिश्र दिसल्या असत्या. दिसतात ४, उरलेल्या पाचांवर डेप्थ चांगली असूनही काही नाही.

मूळ थुंकी संपली आहे. उणे ८० अंशांवर कल्चर आहे, पण सबकल्चरमध्ये (पुन्हा वाढवताना) प्रमाण बदलू शकतं. रुग्णाची औषधं यावर ठरणार, म्हणून अंदाजाने रिपोर्ट द्यायचा नाही.

एवढ्यावर सरमिसळ नाकारता येईल का? नसेल, तर गोठवलेल्या कल्चरमधून थेट डीएनए काढून आरपीओबीचं अ‍ॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंग (फक्त तेवढा भाग पीसीआरने वाढवून वाचणं) करावं, की घन माध्यमावर सुट्या कॉलनी वाढवून एकेक तपासावी?