उत्तर: एक्सेलमध्ये सूत्र खाली ओढलं की शून्य का येतं?

रावेरच्या भाऊंनी वर विचारलंय, केळीचा भाव एफ१ मध्ये लिहिला, एकेका गाडीचे क्विंटल सी स्तंभात, पण सूत्र खाली ओढलं की पहिल्या गाडीनंतर रक्कम शून्य. माउसने ओढा की कीबोर्डने, हे होणारच. सूत्र एक ओळ खाली सरकलं की एफ१ चं एफ२ होतं, आणि तो सेल रिकामा.

डी२ मध्ये बरोबरचं चिन्ह, सी२, गुणाकाराची चांदणी, एफ१ टाइप करा. एंटर मारण्याआधी, कर्सर एफ१ ला टेकलेला असतानाच कीबोर्डवरची एफ४ ही कळ दाबा. एफ आणि १ दोघांच्या आधी डॉलरचं चिन्ह लागेल, मग सूत्र खाली गेलं तरी एफ१ सरकत नाही. पुन्हा दाबलं तर फक्त १ च्या आधी राहतो, म्हणून एकदाच. लॅपटॉपवर बहुधा एफएन कळही सोबत धरावं लागतं, नाहीतर आवाज नाहीतर उजेड बदलत बसतो!

मग डी२ पासून शेवटच्या गाडीपर्यंत निवडून कंट्रोल-डी दाबा, सूत्र खालपर्यंत भरतं.

तारखेला कंट्रोल आणि अर्धविराम. ती उद्या बदलत नाही, टुडे सूत्राची बदलते. आवक नोंदीत टुडे नकोच. बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह, पण मध्ये रिकामा सेल असेल तर वरच्या गाड्या सुटतात. एंटरआधी निवडीची चौकट सगळ्या गाड्यांवर आहे का बघा.