विषय: मनाजोगा नसलेला नोकरीचा प्रस्ताव स्वीकारावा का?

सप्रेम नमस्कार,

पाच महिन्यांच्या शोधानंतर परवा मला नोकरीचा पहिला प्रस्ताव आला आहे. पगार आधीपेक्षा १५ टक्क्यांनी कमी आहे, पद एक पायरी खालचे आहे आणि काम बरेचसे देखभालीचे, म्हणजे इतरांनी उभारलेले चालू ठेवण्याचे, आहे. उत्तरासाठी सात दिवसांची मुदत असून माझी बचत आणखी चार महिने पुरेल. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या, परंतु तीन आठवडे तिथून काहीच कळलेले नाही. होकार दिला तर घाई होईल असे वाटते आणि नकाराच्या विचाराने झोप लागत नाही. अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया लिहावे.

एक सभासद

---

नमस्कार,

आपण हा प्रस्ताव जुन्या नोकरीशी ताडून पाहत आहात, पण ती आता उरलेली नाही. तुलना व्हायला हवी ती पुढच्या चार महिन्यांच्या शोधाशी. समजा, आपण थांबलात आणि बरोबर तीन महिन्यांनी जुन्या पगाराची नोकरी मिळाली, तरी आज होकार देऊन जेवढी एकूण कमाई झाली असती तिची बरोबरी व्हायला आजपासून २० महिने लागतील, आणि तेही ती नोकरी नक्की मिळाली तरच. म्हणून पगाराची मला फारशी चिंता वाटत नाही.

चिंता वाटते ती कामाची. काही वर्षांपूर्वी मीही असाच कमी पगार स्वीकारला होता. पगाराची कसर दोन वर्षांत भरून निघाली, परंतु त्या काळात माझ्याकडे केवळ अहवाल तयार करण्याचे काम राहिले आणि पुढच्या मुलाखतीत ‘अलीकडे स्वतः काय उभारलेत?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती उणीव भरून काढायला पगारापेक्षा कितीतरी जास्त काळ गेला. तेव्हा ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे त्यांच्याशी पुन्हा बोलण्याची वेळ मागून घ्या, आणि पहिल्या वर्षात नवे काय करायला मिळेल व या जागेवर आधी असलेली व्यक्ती आता कुठे आहे, हे स्पष्ट विचारा.

पगार वाढवून मिळत नसेल, तर सहा महिन्यांनी फेरविचार करण्याचे कलम नियुक्तिपत्रात लिहून मागा, कारण तोंडी आश्वासन देणारी व्यक्तीच पुढे बदलू शकते. नोटिशीचा कालावधीही नीट वाचा. दुसऱ्या कंपनीला आजच कळवा की हाती प्रस्ताव आहे आणि अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे.

हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सर्वोत्तमाचा शोध न संपणारा असतो, म्हणून माणूस किमान अपेक्षा ठरवतो आणि त्या पूर्ण करणारा पर्याय निवडतो, असे त्यांनी मांडले होते. आपल्या किमान अपेक्षा त्या भेटीआधी कागदावर लिहून ठेवा, नंतर नको. भेटीनंतर त्या नकळत सैल होतात, हा माझा अनुभव आहे.

आपला,
एक जुना सभासद

---

नमस्कार,

आपल्या सविस्तर पत्राबद्दल मनापासून आभार. काल वरिष्ठांशी बोलणे झाले. देखभालीबरोबर एका नव्या विभागाची आखणी माझ्याकडे देण्याचे आणि सहा महिन्यांनी पगाराच्या फेरविचाराचे त्यांनी मान्य केले आहे; पद मात्र बदलणार नाही. दोन्ही गोष्टी सुधारित पत्रात आज आल्या. माझ्या कागदावरच्या तीन अपेक्षांपैकी पद ही तिसरी होती, त्यामुळे उद्या होकार कळवत आहे. दुसऱ्या कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही.

एक सभासद