साठीनंतर ‘चरबी वितळवणारी’ पॉलिफेनॉल: आईबापाचं ताट अर्धं करू नका

तापीकाठ (मूळ धागा)
ज्येष्ठांच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक पोस्ट फिरतेय. सार असं: साठीनंतर पोट सुटलं तर भाकरी बंद करा, जेवण निम्म्यावर आणा. सकाळी ग्रीन टी, दुपारी वांगं सालीसकट, रात्री नुसतं हळदीचं पाणी. वनस्पतींत आपसूक असणारी पॉलिफेनॉल नावाची संयुगं चरबी वितळवतात म्हणे. माझ्या आईनं हे मनावर घेतलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पॉलिफेनॉलशी माझं वैर नाही. भाज्या-फळांतून पोटात जातात, चांगलंच आहे. पण वजनावर परिणाम किती? २०१६ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १,२४,०८६ स्त्री-पुरुषांचा अभ्यास आला. २४ वर्षांपर्यंतच्या नोंदी. ज्यांच्या खाण्यात अँथोसायनिन (फळा-भाज्यांना जांभळा-लाल रंग देणारं पॉलिफेनॉल) वाढलं त्यांचं वजन जरा कमी वाढलं. जरा म्हणजे ४ वर्षांत शंभरेक ग्रॅमचा फरक! तोही ‘कमी वाढलं’, ‘उतरलं’ नव्हे. ग्रीन टीवर २०१२ चा कॉक्रेन आढावा आहे, म्हणजे झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष. त्यातली घट इतकी किरकोळ की तिचा काही उपयोग नाही.

आणि म्हातारपणी नुसतं वजन बघून चालतच नाही. या वयात स्नायू आपोआप झिजत असतात. त्यात जेवण तोडलं की चरबीबरोबर मांडीचं मांसही जातं, आणि काटा दोन्ही सारखंच दाखवतो. मग उठताना तोल जातो, माणूस पडतो, खुबा मोडतो. आमच्या गल्लीत हे झालंय. सगळे ‘काय बारीक झाल्या काकू’ म्हणत होते, आणि काकू बाथरूममध्ये पडल्या त्या अजून अंथरुणावर आहेत.

भुसावळचे आप्पा
तुमचे अभ्यास अमेरिकेचे, तुमच्याजवळ ठेवा. मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. ग्रीन टी सुरू केला, रोज पहाटे ग्राउंडवर चालतो, वजन उतरलं, गुडघे दुखायचे थांबले. डॉक्टरनं शुगरची गोळी कमी केली. हे खोटं आहे का? तुमच्यासारखे शिकलेले लोक म्हाताऱ्यांना घाबरवतात आणि मग म्हातारे खाटेवर बसून शेव खातात.

धुळ्याची ताई
आप्पा, खोटं कोण म्हणतंय? पण आधी काय प्यायचात? दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर धरा. म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी रोज. ती बंद झाली आणि वर चालणं सुरू झालं. श्रेय त्या दोघांचं आहे, पानांचं नाही.

भुसावळचे आप्पा
बरं, साखरेचं धरू. पण ग्रीन टी नसता तर साखरेचा चहा सुटला असता का? तेवढं तरी माना.

धुळ्याची ताई
तेवढं मानते. कपातला चहा प्या, कोणी अडवत नाही. जेवणाबरोबर मात्र नको, त्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि आपल्याकडच्या किती आज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल तर नकोच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलंय की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य पॉलिफेनॉल) गेलं तर यकृताला त्रास होण्याची चिन्हं दिसतात. माझ्या सासऱ्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून अशा गोळ्या घेतल्या आणि लिव्हरचे रिपोर्ट बिघडले. बंद केल्यावर सुधारले.

अमळनेरकर
मला त्या वांग्यावर बोलायचंय. पोस्ट लिहिणाऱ्यानं खान्देशात वांगं पाहिलंय का? अँथोसायनिन असतं जांभळ्या सालीत. आपलं भरताचं वांगं हिरवं, पांढऱ्या रेषांचं. २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते यालाच. आणि भाजून साल सोलून फेकतो आपण. सालीसकट भरीत कोणी खातं का?

बामणोदचा शेतकरी
साल गेली तरी गरात क्लोरोजेनिक ॲसिड असतं, वांग्यातलं मुख्य पॉलिफेनॉल तेच. म्हणून वांगं वाया गेलं असं नाही. खरी अडचण म्हणजे तुम्ही शहरवाले गॅसवर भाजता, मिक्सरमधून काढता, वर टोमॅटो घालता. कापसाच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचलेलं नाही ते भरीतच नाही.

जळगाव रिंगरोड
झालं सुरू! तिसऱ्या मजल्यावर कापसाच्या काड्या कुठं पेटवू, भाऊ? आणि टोमॅटोनं तुमचं काय बिघडलं? त्यात लायकोपीन हे लाल रंगद्रव्य असतं, शिजवल्यावर जास्त चांगलं लागू पडतं.

बामणोदचा शेतकरी
लायकोपीन हवं तर कोशिंबीर वेगळी करा. भरताला हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. टोमॅटोचं भरीत पुण्याला न्या. आणि बाजारात गावरान वांग्याला भाव विचारताना हीच मंडळी हायब्रीडकडे बोट दाखवतात, ‘हे स्वस्त आहे’ म्हणून. आम्ही बियाणं जपायचं कोणासाठी?

जळगाव रिंगरोड
भाव पाडणारा मी नाही, व्यापारी. माझ्यावर का चिडता? भरताच्या पार्टीत तुमच्याकडे तेल केवढं ओततात ते सांगा की. पोट त्यानं सुटतं.

बामणोदचा शेतकरी
शेतात राबणाऱ्याचं पोट सुटत नाही. बसून खाणाऱ्यानं तेल कमी घालावं, एवढं तुमचं बरोबर. टोमॅटोचं नाही.

अमळनेरकर
जिभाऊ, काय सांगी ऱ्हायनात तुम्ही! विषय म्हाताऱ्यांचा होता.

तापीकाठ
विषयावर या, मला त्याची काळजी आहे. पोस्टनं बंद करायला सांगितली ती भाकरी. आमच्या घरी ती कळण्याची असते, ज्वारी आणि उडदाची. उडदात शंभर ग्रॅमला चोवीसेक ग्रॅम प्रथिनं. २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या गटानं ज्येष्ठांना वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली. ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. शाकाहारी आजीला हे भाकरी, वरण, दूध-दही, शेंगदाणे सगळं पोटभर खाऊनच कसंबसं जमेल. त्यातलं निम्मं काढून हळदीचं पाणी द्यायचं? हळदीतलं पॉलिफेनॉल म्हणजे कर्क्युमिन, ते तीनेक टक्के, ते पाण्यात विरघळतही नाही. फोडणीतली हळद त्यापेक्षा बरी.

भुसावळचे आप्पा
म्हणजे म्हाताऱ्यांनी जाडच राहायचं? माझ्या धाकट्या भावाला वजनामुळे धाप लागते, गुडघे गेलेत. त्याला काय सांगू, कळण्याची भाकरी खा?

धुळ्याची ताई
त्यांनी वजन उतरवावं, पण हळूहळू, प्रथिनं न तोडता. साखर, शेव, तळण कमी करून. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, पायऱ्या, पाण्याच्या बाटल्या उचलणं. नुसतं चालून मांडीचे स्नायू राहत नाहीत, आप्पा, तुम्हीही हे करा. आणि काही न करता ६ ते १२ महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी उतरलं तर ‘छान बारीक झाले’ म्हणू नका, तपासायला न्या.

भुसावळचे आप्पा
उठ-बस करून बघतो. ग्रीन टी सोडणार नाही.

तापीकाठ
सोडू नका. फक्त ती पोस्ट पुढे पाठवू नका, आणि ग्रुपवर ज्यांनी जेवण तोडलंय त्यांच्या मुलांना आजच फोन करा. आईचं मी बोललोय, आज रात्री ती दीड भाकरी जेवली.