ठरवलं नव्हतं आणि दिवस राहिले: पहिल्या तासात काय बोललात?

सल्ले नकोत, अनुभव हवेत. दुसरी रेघ दिसल्यावर दोघं एकमेकांशी काय बोललात, तेवढंच लिहा. सुरुवात मीच करते.

रेघ इतकी फिकट की नवरा पट्टी ट्यूबलाइटखाली धरून म्हणाला, "सावली असेल गं." मग शांतपणे, "आता तू काय करणार?" तू! चार दिवसांनी चूक कबूल केली त्याने. लेक आता चार वर्षांची आहे, पण भांडणात माझ्या तोंडून ते 'तू' अजून निघतं.

*

मी त्या 'तू'वाल्यांपैकीच. डॉक्टर म्हणाल्या, सहा आठवडे झालेत. मी टूरवरून परत येऊन महिनाच झाला होता. बायकोकडे कसं बघितलं असेल, ते तिनेच नंतर सांगितलं. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिल्या दोनेक आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो, हे तिशीच्या इंजिनिअरला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. तो कागद बायकोने जपून ठेवलाय.

*

७२ तासांतली गोळी वेळेत घेऊनही राहिलं. ती गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच पडलं असेल तर ती फारशी कामाची नाही. नको, हे आमचं पंधरा मिनिटांत ठरलं. रडारड नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी झालं. पोटात कळा येत होत्या तेव्हा तो रजा काढून शेजारी बसला होता. घरी अजून कोणालाच माहीत नाही.

*

अंगावर पाजतेय म्हणजे काही होत नाही, अशा भ्रमात होतो. मोठा आठ महिन्यांचा, वरचं खाणं सुरू झालेलं. पाळी परत आलीच नव्हती, मग चुकली हे कळणार कसं? आधी हसत सुटलो, मग मी रडले, मग तो.

*

त्याला हवं होतं, मला नको. नोकरीत कायम व्हायची होते. "मी बघेन सगळं," म्हणाला. म्हटलं, लिहून दे. खरंच वही घेऊन बसला, तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. "नाही जमणार मला."

*

वहीवाल्या ताई, तिसरी ओळ कसली होती?

*

पहिली, रात्री उठणं. दुसरी, ताप आला की रजा. तिसरीत नुसतं 'रोज' लिहिलं होतं.